सुटे भाग : किंमत थोडी, खोळंबा मोठा

मृग लागण्याआधी जाणता शेतकरी काय करतो? तिफण, वखर, डवरा बाहेर काढून पाहतो. पास बोथट झाली असेल तर लोहाराकडून पाजवून आणतो. चाडे फुटले असेल तर नवीन बसवून घेतो. पाऊस पडून वाफसा आल्यावर जो लोहाराच्या दारात जाऊन उभा राहतो, त्याला गाव हसते.

मग वाचकहो, हीच अक्कल आपण गावाच्या नळयोजनेला का लावत नाही?

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. मे महिना. पाणी सोडणारा माणूस सकाळीच सरपंचाच्या दारी येतो आणि सांगतो, "भाऊ, मोटर उचलत नाही." वायरमन येऊन पॅनल उघडतो. रिले केव्हाचाच बिघडलेला आणि तार जोडून तसाच चालू ठेवलेला असतो. रात्री एक फेज गेली, मोटार दोन फेजवर घरघरत राहिली आणि जळली. मग चेनपुली शोधा, बोअरमधून पाइप ओढा, मोटार राजुऱ्याला वायंडिंग भरायला टाका. दुकानदार म्हणतो, "सीझन आहे, आठ दिवस लागतील." इकडे दरपत्रके, ठराव, डिजिटल सही. आणि तिकडे बाया हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर.

आठ-नऊ दिवसांनी पाणी येते. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विषय संपतो. हे नशीब नाही, साठ्याचे आणि खरेदीचे नियोजन नसल्याचा हा परिणाम आहे. आज त्यावरच बोलू.

भट्टी थांबता कामा नये

आपल्या भागाला हे शिकायला मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सास्ती-गोवरीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तुमच्यापैकी अनेकांची मुले तिथे कामाला आहेत. अशा ठिकाणी एखाद्याला विचारा, "तुमच्या स्टोअरमध्ये काय असते?" हजारो वस्तू असतात. बेअरिंग, बेल्ट, सील, बोल्ट, मोटारी, विटा, तेल. आणि त्यातल्या पुष्कळशा वस्तू कित्येक महिने कोणी हातही न लावता पडून असतात.

मग कंपनी वेडी आहे का? नाही. सिमेंटची भट्टी म्हणजे आडवे, सावकाश फिरणारे लांबलचक लोखंडी नळकांडे. आत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापून क्लिंकर तयार होते. ही भट्टी तापलेली असताना फिरायची थांबली, तर स्वतःच्या वजनाने वाकू शकते. म्हणून वीज गेली तरी ती हळूहळू फिरवत ठेवण्यासाठी वेगळी सोय, बहुधा डिझेल इंजिन, ठेवलेली असते. ते इंजिन वर्षातून किती तास चालते? थोडेच. पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी ते हवेच. त्याची किंमत त्याच्या बिलावरून ठरत नाही. ते नसते तर काय झाले असते, यावरून ठरते.

सगळ्या विषयाचे मर्म एवढेच आहे. सुट्या भागाची खरी किंमत दुकानदाराच्या पावतीवर नसते, तो भाग नसल्यामुळे जे थांबते त्यात असते.

तीन चाळण्या

आता कुणी म्हणेल, "मग काय सगळेच भाग दोन-दोन आणून ठेवायचे? ग्रामपंचायतीकडे एवढा पैसा कुठला?" रास्त प्रश्न आहे. कारखानेही सगळे आणून ठेवत नाहीत. ते वस्तू तीन चाळण्यांतून गाळतात.

पहिली चाळणी पैशाची. १९५१ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एच. फोर्ड डिकी यांनी 'एबीसी' नावाची पद्धत मांडली. कोणत्याही भांडारात थोड्याच वस्तूंवर बहुतेक खर्च होतो. त्या 'ए' वस्तूंवर बारीक नजर ठेवायची. 'सी' वस्तू, म्हणजे नट, वॉशर, फ्यूज अशा किरकोळ गोष्टी, थोड्या जास्तच आणून ठेवायच्या. त्यांचा रोज हिशेब करत बसण्यात वेळ घालवायचा नाही.

दुसरी चाळणी खोळंब्याची. ज्याच्यावाचून सगळे बंद पडते ते अत्यावश्यक, ज्याच्यावाचून अडते पण काही दिवस निभावते ते आवश्यक, आणि नसले तरी चालते ते सोयीचे.

तिसरी चाळणी खपाची. भराभर लागणारे, क्वचित लागणारे आणि वर्षानुवर्षे न हललेले.

तिन्ही चाळण्या एकत्र लावल्या की गंमत कळते. वस्तू स्वस्त पण अत्यावश्यक असेल, तर ती घरात नसणे हा गुन्हाच समजावा. तुमच्या पाणीपुरवठ्याच्या पॅनलमधला रिले, काँटॅक्टर, एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर, पाइपलाइनचे एक-दोन जोड, व्हॉल्व्हच्या ग्लँडची दोरी या सगळ्या वस्तू याच खणात पडतात. मोटार मात्र महाग आणि अत्यावश्यक. तिचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे येईलच.

जिनिंगमधला धडा

हे फक्त नळयोजनेपुरते नाही. राजुरा-कोरपना हा कपाशीचा भाग. एकाधिकार खरेदीच्या काळातल्या बैलगाड्यांच्या रांगा जुन्या लोकांना आठवत असतील. आज गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि पिकअप आले, रांग तीच आहे.

जिनिंगमध्ये डबल रोलर यंत्रांची ओळ असते. चामड्याचे रोलर फिरतात, सुरीच्या आधाराने सरकी वेगळी होते. रोलर झिजतो, त्यावरच्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात, शेवटी रोलर बदलावा लागतो. हा रोजचा, ठरलेला खर्च आहे. पण ओळीतले एक यंत्र बंद पडले तर बाकीची चालू राहतात. गाठी बांधणारा प्रेस मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो. त्या प्रेसच्या हायड्रॉलिकचे एक सील फाटले की गाठी थांबतात. रुईचे ढीग वाढतात, मग आतली जागा संपते आणि सगळी यंत्रे बंद करावी लागतात. शेवटी फाटकावर पाटी लागते, 'आज खरेदी बंद.'

म्हणजे महागडा रोलर अडवत नाही, स्वस्त सील अडवते. आणि त्याची किंमत कोण मोजतो? जिनिंगवाला थोडी मोजतो. बाकीची तुम्ही मोजता. गाडीचे भाडे वाढते, रात्री मुक्काम पडतो आणि दुसऱ्या दिवशी जो निघेल तो भाव घ्यावा लागतो. कापूस निगमची खरेदीही जिनिंगच्या आवारातच होत असल्याने हमीभावाचा माल असला तरी सुटका नाही.

म्हणून हंगामाआधी बाजार समितीच्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? "प्रेसचे सुटे भाग भरून ठेवले का?" तुमच्या कापसाच्या वजनाइतकाच हा प्रश्नही तुमचा आहे.

कधी मागवायचे?

साठा संपल्यावर मागवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. त्यासाठी साधा हिशेब आहे : रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक अडीअडचणीचा साठा. इतकाच साठा उरला की नवीन मागणी टाकायची.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांच्या रोजच्या कामातले उदाहरण घेऊ. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर. समजा गावची लोकसंख्या १५०० आहे. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर ८२,५०० लिटर पाणी लागते. हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर या प्रमाणाने रोज साधारण ४१२ ग्रॅम लागेल. माल यायला १५ दिवस लागत असतील तर त्या काळात सहा किलोवर पावडर खर्च होईल. आणखी १५ दिवसांची बेगमी धरा. म्हणजे साडेबारा किलो उरली की मागणी गेली पाहिजे. २५ किलोची एक गोणी साधारण दोन महिने पुरते.

मग दहा गोण्या एकदम का आणू नयेत? स्वस्त पडेल, वाहतूक वाचेल. इथेच फसगत होते. टीसीएल पावडर पडून राहिली, ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. चांगल्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकून उपयोग नाही. गोणी भरलेली दिसते, रजिस्टरवर साठा दिसतो आणि गावात हगवण येते. रबरी सील, बेल्ट, वॉशर यांचेही तसेच. रबर पडून पडून कडक होते. बेअरिंग उघडे पडले की गंजते. म्हणून जुना माल आधी वापरायचा, नवा मागे ठेवायचा. घरातल्या धान्याच्या कणगीला जो नियम, तोच इथे.

एक गोष्ट मात्र पुस्तकातल्या सूत्रात सापडणार नाही, ती आपल्याला ठाऊक आहे. ती म्हणजे पावसाळा. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा नदीचे पाणी राजुरा-बल्लारपूर मार्गावरच्या पुलावर आले आणि वाहतूक बंद पडली. उन्हाळ्यात चंद्रपूरहून दुपारी येणारा भाग पुराच्या दिवसांत कधी येईल याचा भरवसा नाही. जिवतीच्या पहाडावरच्या गावांचे तर विचारूच नका. म्हणून आपल्याकडे माल यायला लागणारे दिवस दोनदा मांडायचे, एकदा उन्हाळ्याचे आणि एकदा पावसाळ्याचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात साठा पावसाळ्याच्या मापाने भरलेला असला पाहिजे.

एक नमुना, सोपी दुरुस्ती

हातपंपाची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे गावोगावी बोअर झाले, त्यावर ओतीव लोखंडाचे नाना तऱ्हेचे पंप बसले. घरगुती वापराचे ते पंप अख्ख्या गावाचा भार कसे सोसणार? भराभर मोडले. आणि प्रत्येकाचा भाग वेगळा, त्यामुळे दुरुस्तीही होईना. त्या काळात जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या लोकांनी पोलादाचे मजबूत पंप तयार केले. सोलापूर पंपाचा आराखडा पुढे धरून, युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क २' हा पंप तयार झाला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक, आय.एस. ९३०१, निघाले. तुमच्या शाळेजवळ किंवा चावडीजवळ जो हातपंप दिसतो तो बहुधा हाच.

त्याची ताकद फक्त पोलादात नव्हती. कोणत्याही कारखान्यात बनलेला असला तरी त्याचे भाग एकाच मापाचे. एका गावचा वॉशर, साखळी, बेअरिंग दुसऱ्या गावच्या पंपाला बसते. त्यामुळे मेकॅनिकला दहा तऱ्हेचे भाग सांभाळावे लागत नाहीत. नंतरच्या 'मार्क ३' मध्ये तर पाइपांची सगळी माळ वर न काढता आतला दट्ट्या काढता येईल अशी सोय झाली.

आता आजच्या नळयोजनांकडे बघा. एका गावात एका कंपनीची मोटार, शेजारच्या गावात दुसरीची. व्हॉल्व्ह वेगळा, पॅनल वेगळे. ठेकेदाराला जे स्वस्तात मिळाले ते बसवले. आपण हातपंपाचा धडा विसरलो. नवीन योजना ताब्यात घेताना गावाने अडून बसले पाहिजे. पंपाची कंपनी, नमुना आणि अश्वशक्ती, हमीपत्र, पाइपलाइनचा नकाशा, वर्षभर लागू शकणाऱ्या सुट्या भागांची यादी, हे सगळे हातात पडल्याशिवाय हस्तांतरणाच्या कागदावर सही करू नका. सही झाल्यावर ठेकेदार भेटत नाही, हे आम्ही सांगायला नको.

स्वस्त आणि परवडणारे

खरेदीत आपण सगळ्यात जास्त चुकतो ते 'कमीत कमी दर' या शब्दांवर. कमी दर घ्यायचाच, पण कशाचा कमी दर? मागणीत नुसते 'बेअरिंग १ नग' लिहिले तर दुकानदार त्याच्याकडचे सगळ्यात हलके देईल आणि कागदावर तेच योग्य ठरेल. मागणी नेमकी लिहिली पाहिजे. बेअरिंगवर कोरलेला नंबर पाहा. समजा तो ६२०५ आहे. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला पाचने गुणले की २५ मिलिमीटर, हा आतल्या भोकाचा व्यास. ही खूण जगभर चालते. नंबर लिहिला, नामांकित बनावटीची अट घातली, हमी आणि पक्के बिल मागितले, की मग दरांची तुलना खरी होते. केबल असेल तर तांब्याची की अॅल्युमिनियमची, किती जाडीची आणि आयएसआय खुणेची का, हे लिहा. मोटार असेल तर अश्वशक्ती, टप्पे, किती उंचीवर किती पाणी, हे लिहा.

दुसरी चूक घाईची. मोटार जळाल्यावर खरेदी केली की दुकानदार मागेल तो दर द्यावा लागतो आणि कागद नंतर जमवावे लागतात. लेखापरीक्षणात आक्षेप निघतात ते इथेच. शासनाच्या उद्योग विभागाची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ची आहे. मर्यादेत बसवण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत, हे तिचे सांगणे आहे. पण वर्षाची यादी आधी तयार असेल तर तुकडे पाडण्याची वेळच येत नाही. एकदाच दरपत्रके मागवा, वर्षभरासाठी दर ठरवून घ्या आणि लागेल तसा माल उचला. गोदाम दुकानदाराचे, दर मात्र तुमचा.

पैसा कुठून? १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी होती. पुढे निधी कोणत्याही आयोगाचा असो, ग्रामपंचायत विकास आराखड्यात 'सुटे भाग व देखभाल' अशी वेगळी ओळ टाकली नाही तर आयत्या वेळी पैसा सापडत नाही. आणि खरे सांगायचे तर पाणीपट्टीची वसुली हाच या साठ्याचा भरवशाचा आधार आहे. पाणीपट्टी थकवणाऱ्याने मोटार जळाल्यावर सरपंचाला बोल लावू नये.

वही जिवंत ठेवा

कारखान्यात प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेले असते. किती आले, किती गेले, किती उरले. ग्रामपंचायतीलाही हे नवीन नाही. नमुना १५ म्हणजे उपभोग्य वस्तुसाठा नोंदवही आणि नमुना १६ म्हणजे जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवही. नमुने आहेत, पण पुष्कळ ठिकाणी ते लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री भरले जातात. अशी वही तपासणाऱ्याला दाखवायला चालते, पाणी आणायला चालत नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी लिहा. एक, भाग कोणत्या यंत्राला बसला आणि कोणत्या तारखेला. दोन, काढलेल्या जुन्या भागाचे काय झाले. दोन वर्षे हे नीट लिहिले तर वहीच सांगू लागेल की रिले दर उन्हाळ्यात जातो, म्हणजे दोष रिलेचा नाही, विजेच्या दाबाचा किंवा बोअर आटण्याचा आहे. मग रिले बदलत बसण्याऐवजी मूळ दुखणे शोधता येते. आणि जुने तांबे, जुना पंप भंगारात परस्पर जाणार नाही, हा फायदा वेगळाच.

पाच गावे मिळून एक मोटार

आता राहिली महागडी मोटार. प्रत्येक गावाने जादा मोटार घेऊन ठेवावी हे परवडणारे नाही. पण शेजारच्या पाच गावांच्या मोटारी एकाच दिवशी जळण्याचा संभव किती? फार थोडा. म्हणून एकाच अश्वशक्तीचे पंप असलेल्या पाच-सहा गावांनी मिळून एक जादा पंपसंच ठेवावा. ज्याची मोटार जळली त्याने तो त्याच दिवशी न्यावा, आपली मोटार भरून आणावी आणि संच परत करावा. कुठे ठेवायचा, कोणी सांभाळायचा, खर्च कसा वाटायचा, हे पंचायत समितीने बसवून दिले तर वाद होणार नाही. मोठे उद्योगही महागडे भाग असेच सामाईक ठेवतात.

हिशेब करून पाहा. वरच्याच १५०० वस्तीच्या गावाला दिवसाला ८२,५०० लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने रोज नऊ खेपा. नऊ दिवसांच्या ८१. त्या ८१ खेपांचे भाडे एका कागदावर लिहा आणि शेजारी जादा मोटारीतला तुमच्या गावाचा पाचवा हिस्सा लिहा. तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. भाषणाची गरज पडणार नाही.

सुरुवात मोठी करू नका. या आठवड्यात पाणी सोडणाऱ्या माणसाला आणि वायरमनला सोबत बसवा. गेल्या दोन वर्षांत काय काय बिघडले आणि किती दिवस पाणी बंद राहिले, त्यांना विचारून लिहून काढा. त्यांना सगळे माहीत असते, त्यांना कोणी विचारत नाही एवढेच. त्या यादीतल्या पहिल्या पाच स्वस्त वस्तू आणून कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते गावाला सांगा. मोटार जळायची ती रात्री-अपरात्रीच जळते. त्या वेळी किल्लीवाला सापडला नाही, तर कपाटातला भाग असून नसल्यासारखाच.